जुन्नरच्या सोप्या वाटा : आई आणि मावशीबरोबरची भटकंती

माझ्या आईला डोंगर फार प्रिय, पण तिच्या उजव्या गुडघ्याला उतार सोसत नाही. मावशी तिच्यापेक्षा मोठी, तरी रोज पहाटे टेकडी चढून येणारी. या दोघी बहिणींना एकाच वाटेवर न्यायचं, दोघींनाही मनासारखं चालायला मिळावं आणि एकीमुळे दुसरीचा खोळंबा होऊ नये, असं ठिकाण मी बरेच दिवस शोधत होते. शेवटी मुक्कामाला जुन्नर ठरवलं.

सोपी वाट विचारली की लोक उंची सांगतात, फार तर अंतर सांगतात. मी आधी उतार कसा आहे ते विचारते, कारण दमछाक चढताना होत असली तरी पाय मुरगळतो तो उतरताना. पायाखाली काय आहे? मुरूम, बांधीव पायरी, की शेवाळलेला कातळ? मग सावली आणि टेकायला जागा. आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की, पाहण्यासारखं काही अध्यामध्यात आहे का? सगळं फक्त माथ्यावर असेल, तर अर्ध्यातून परतणाऱ्या माणसाच्या हाती निराशाच येते. अर्ध्या वाटेवर थांबलेल्यालाही पोटभर बघायला मिळालं पाहिजे.

जुन्नर या सगळ्यात बसतं, आणि त्याला जुनं कारण आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून माल कल्याणमार्गे नाणेघाट चढून इथे यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. त्या रस्त्याच्या राखणीला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले. व्यापाऱ्यांच्या दानातून भोवतालच्या डोंगरांत लेणी कोरली गेली. म्हणजे इथल्या कितीतरी वाटा मुळात ओझी घेऊन चालणाऱ्यांसाठी आणि रोज ये-जा करणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत. शिवाय गाव बेताचं. राहायला साध्या खोल्या मिळतात, जेवण मिळतं, दिवसभरासाठी गाडी ठरवता येते.

आम्ही पितृपक्षात गेलो. गणपती झालेले, नवरात्र यायचं, त्यामुळे देवस्थानांना गर्दी नव्हती. पाऊस सरींवर आलेला आणि सोनकी फुललेली. शनिवार-रविवार मुद्दाम टाळले.

सोमवार : लेण्याद्री

पुण्याहून नाशिक रस्त्यानं नारायणगाव आणि तिथून डावीकडे वळून जुन्नर. साधारण पंचाण्णव किलोमीटर. खोलीवर सामान टाकलं, जेवलो आणि दुपार कलल्यावर लेण्याद्री गाठलं. ते गावापासून पाचेक किलोमीटरवर, कुकडी नदीच्या पलीकडे आहे. पायथ्याला पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. हातात पिशवी मात्र ठेवू नये. इथल्या माकडांना पिशवीत काय असतं ते नेमकं ठाऊक आहे.

पहिल्या दिवसासाठी ही जागा मी जाणून निवडली होती. पायऱ्या रुंद आणि बांधीव आहेत, कठड्याला हात धरता येतो, आणि चालणाऱ्याचा अंदाज इथे पहिल्याच तासात येतो. आई दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबत होती. तेवढ्यात मावशी पुढे जाऊन, वरून खोरं न्याहाळून, पुन्हा तिला गाठायला खाली यायची.

‘‘अगं, तू दोनदा चढतेयस,’’ आई म्हणाली.

‘‘मग काय झालं? पायऱ्यांचं वेगळं तिकीट नाही.’’

इथे तीसच्या आसपास लेणी एका ओळीत, दक्षिणेकडे तोंड करून आहेत. बहुतेक भाविक सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन परततात. अष्टविनायकांपैकी डोंगरावरच्या लेण्यात बसलेला हा एकच गणपती. मुळात तो बौद्ध विहार आहे. मोठ्या थोरल्या सभागृहाला मध्ये एकही खांब नाही आणि कडेनं भिक्षूंच्या खोल्या आहेत. पण शेजारचं सहावं लेणं चुकवू नका. ते चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनागृह. आत स्तूप, दोन्ही हातांना खांबांची रांग आणि खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरलेले. बाहेरच्या लेखात दात्याचं नाव आहे : कल्याणच्या सराफाचा मुलगा सुलसदत्त. कल्याणहून निघालेला पैसा घाट चढून जुन्नरच्या या कातळात रुजला होता. आईनं व्हरांड्याच्या कडेला बसून ते सगळं माझ्याकडून दोनदा ऐकलं. समोर कुकडीचं खोरं, हिरव्या शेतांचे तुकडे आणि त्यांच्या पलीकडे शिवनेरी.

उतरताना मात्र आईनं डोली घ्यावी असं मी सुचवलं. ती संकोचली. ‘‘धडधाकट माणसाला दुसऱ्यानं उचलायचं?’’ डोलीवाले दादा म्हणाले, ‘‘मावशी, चढताना चाललात ना? मग झालं की. आमचं रोजचं काम आहे, बसा निवांत.’’ ती बसली. चढायला पाय आणि उतरायला डोली ही वाटणी गुडघेदुखीवाल्यांसाठी मला अगदी योग्य वाटते. यात कमीपणा कसलाच नाही. दुसऱ्या दिवसासाठी गुडघा ताजा राहिला, हे मोठं काम झालं.

संध्याकाळी खोलीच्या मालकांनी एक गोष्ट बजावून सांगितली. दिवस मावळल्यावर आणि झुंजूमुंजू असताना उसाच्या कडेनं पायी हिंडायचं नाही. जुन्नर भागात बिबट्या उसात राहतो आणि वाढतो. जवळच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे ‘पहाटे पाचला निघू’ हा ट्रेकवाल्यांचा नेहमीचा बेत इथे गावालगतच्या पायवाटांसाठी मी धरला नाही. चांगलं उजाडल्यावर निघायचं आणि उन्हं असतानाच परतायचं.

मंगळवार : शिवनेरी

शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते आणि पुढे सात दरवाज्यांची वाट. महादरवाजा, मग एकामागून एक बाकीचे. हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा ही नावं वाचत वाचत माणूस चढतो. वाट पूर्ण बांधीव, वळणावळणाची, आणि प्रत्येक दरवाज्यात सावली. थांबण्याच्या जागा शत्रूला अडवण्यासाठी केलेल्या, आज त्या म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडतात. एका दरवाज्यावर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरला आहे. तो नीट बघता यावा म्हणून आई जी थांबली, त्यात तिचा दमही ओसरला.

शिपाई दरवाज्यानंतर मुख्य वाट सोडून शिवाईदेवीकडे जावं. कातळाच्या कुशीतलं शांत देऊळ. ज्याला माथा झेपणार नाही त्यानं इथवर आलं तरी शिवनेरी पाहिल्याचं समाधान मिळतं, असं मी मनापासून म्हणेन. आई मात्र पुढे निघालीच. ‘‘जन्मस्थानाला हात लावल्याशिवाय मी फिरत नाही,’’ एवढंच म्हणाली.

माथ्यावर पोचलं की चाल जवळपास सपाट. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, कातळात खोदलेली गंगा-जमुना टाकी, शिवकुंजातली जिजाऊ आणि बाल शिवबांची मूर्ती, आणि मग ती दुमजली इमारत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शाळेत असंख्य मुलांकडून म्हणून घेतलेली माझी शिक्षिका आई त्या खोलीत काही न बोलता उभी राहिली. पुढे बदामी तलाव आणि टोकाला कडेलोटाचा कडा. कोळी चौथऱ्यापाशीही थोडं थांबावं. मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना इथे मारल्याचं सांगतात. शिवनेरी म्हटलं की जन्मस्थानापाशीच पावलं थबकतात, आणि या माणसांची आठवण मागे पडते. ती पडू नये.

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात शिवनेरी आहे. गडावर झाडी आणि बागा नीट राखलेल्या दिसल्या. ठिकठिकाणी बसायला जागा आहेत.

गावाच्या बाजूनं साखळीची वाट म्हणून दुसरी एक वाट चढते. मावशीला ती खुणावत होती. कातळात खोदलेल्या पायऱ्या, धरायला साखळी, आणि पावसानंतर सगळं निसरडं. मी नको म्हटलं आणि तिनं ऐकलं. अशी वाट कोरड्या दिवसांत, जाणत्या माणसाबरोबर करावी.

दुपारी गावात मासवडी खाल्ली. तिचं नाव ऐकून शाकाहारी माणसं बिचकतात, पण तिच्यात मासळीचा कण नसतो. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं भाजलेलं सारण पसरायचं, फडक्यानंच गुंडाळी करून दाबायची आणि वड्या कापायच्या. कापलेली बाजू माशाच्या तुकडीसारखी दिसते. बरोबर झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. हे जेवण झाल्यावर कोणतीही वाट चालायची नाही, झोपायचं.

बुधवार : नाणेघाट

सगळ्यांत जास्त वेळ मी या दिवसासाठी राखला होता. नाणेघाटाची नेहमीची ट्रेकची वाट खालून, मुरबाड–माळशेज रस्त्यावरच्या वैशाखऱ्याकडून चढते. ती दमवणारी आहे. पण जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर करत गेलं तर गाडी थेट घाटमाथ्यावर पोचते आणि मग चालायचं ते पठारावर. एकच जागा, पण खालून आलात तर परीक्षा आणि वरून आलात तर सहल.

चावंडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं. घाटघर ओलांडलं तसं वारं अंगावर आलं. पठार सोनकीनं पिवळंधमक झालेलं, मध्येच तेरड्याचे गुलाबी पट्टे. फुलांत पाय घालू नये म्हणून मळलेली पायवाट धरूनच चाललो. मावशी कड्याच्या दिशेनं, पण आत राहून, लांबच लांब फिरून आली. आई तेवढ्या वेळात शंभर-दोनशे पावलं चालायची, बसायची, पुन्हा चालायची. दोघींचं चालणं वेगळं आणि दोघी सतत एकमेकींच्या नजरेत. मी शोधत होते ते हेच होतं.

घळीच्या तोंडाशी दगडाचा तो प्रसिद्ध रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळेच सांगतात. मी हात लावून पाहिला. काठ गुळगुळीत, आत पावसाचं पाणी आणि दोन पानं. शेजारून घळ खाली उतरते. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये दगडी फरसबंदी. इथे मी आईचा हात धरला. या दगडांवर शेवाळ होतं आणि बुटांचा रबरी तळ शेवाळावर थारा देत नाही. आईनं तोंड कातळाकडे केलं, काठी खालच्या दगडावर रोवली आणि आडवी आडवी पावलं टाकत एकेक टप्पा उतरली. उतार सरळ तोंडानं उतरला की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. आडवं उतरलं की तो मांडीवर वाटला जातो. अंतर म्हणाल तर अगदी थोडं, पण आम्ही घाई केली नाही.

मग लेणं. साधी चौकोनी खोली, कडेनं दगडी बाक, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला राणी नागनिकेचा लेख. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक हा त्याचा काळ धरतात. सातवाहनांनी केलेले यज्ञ, दिलेल्या दक्षिणा, गायी, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आहे. आणि ती आकड्यांत आहे, म्हणून भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या भिंतीची गणना होते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्सनं १८२८मध्ये हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आज नाहीत. वरची नावं तेवढी उरलीत : सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णी आणि कुमारांची नावं. आकडे कुठे आहेत ते दाखवल्यावर आई बराच वेळ भिंतीजवळून हलेना. पाढे शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं आहे.

या लेण्यात, याच भिंतींजवळ, लोकांनी स्वतःची नावं खरवडून ठेवली आहेत. मला ते पाहून फार वाईट वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीनं जपून लिहवलेलं, आणि त्याच्या कडेला खिळ्यानं ओरखडे. मुलांना इथे आणाल तेव्हा आत शिरण्यापूर्वीच हे सांगा.

बाहेर आलो तेव्हा धुकं भरून आलं होतं. समोरचा जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका क्षणभर दिसायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. जीवधन मी यादीतून आधीच वगळला होता. त्याच्या पायऱ्या जागोजाग तुटलेल्या आहेत आणि काही ठिकाणी हातानं कातळ धरून चढावं लागतं. तो या पठारावरून पाहण्यात काही उणं नाही. धुक्यात मात्र एक नियम पाळावा : कड्याकडे जायचं नाही, असाल तिथे थांबायचं. भर पावसाळ्यात इथलं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं, ते पाहायला झुंबड उडते आणि लोक कठड्याच्या पुढे सरकतात. सप्टेंबरात तो नजारा नसतो, पण निवांतपणा असतो. घरच्या मोठ्या माणसांना आणायचं तर हेच दिवस बरे.

परतताना चावंडजवळ पूर गावी कुकडेश्वर. कुकडी नदीचा उगम इथला आणि देऊळ जुनं, बाहेरून अंगभर कोरीव काम. गाडीतून उतरून पाच पावलांवर. चावंडला वर जायचा मोह मावशीला झाला, पण त्या कातळपायऱ्या ओल्या होत्या.

गुरुवार : दुर्गवाडी

आपटाळ्याहून इंगळूणच्या बाजूनं पश्चिमेकडे गेलं की आंबे-हातवीज, दुर्गवाडीचा भाग लागतो. रस्ता अरुंद, वळणाचा. इथे स्थानिक चालकच बरा. गावं महादेव कोळ्यांची. रस्त्याकडेला हिरड्याची झाडं, आणि बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या घरांचं मोठं उत्पन्न. चालक दादांनी एका झाडाखाली गाडी थांबवून दाखवलं : कोवळी फळं वाळली की काळी, सुरकुतलेली होतात, तोच बाळहिरडा. आजीच्या बटव्यातला हाच म्हणून मावशीनं लगेच ओळखला.

दुर्गादेवीच्या देवळाभोवती दाट झाडी आहे. देवाच्या नावानं राखलेली, म्हणून टिकलेली. आत ऊन पोचत नाही, पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. ही झाडीतली वाट मला या सगळ्या दिवसांत सर्वांत सोपी वाटली, आणि आईला सर्वांत आवडली. वरचा दुर्ग किल्ला छोटासा, अर्ध्या तासाचाही नाही, पण शेवटी दगडांवर हात टेकावे लागतात. आईनं देवळाच्या ओट्यावर बसणं पसंत केलं. ‘‘तुम्ही या जाऊन. मला इथे पक्षी ऐकायचेत.’’ मावशी आणि मी वर गेलो. ढग फाटले तेव्हा कोकणाकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके ओळखू आले, लांब सिद्धगडाचा ठोकळा. खाली आलो तर आईभोवती गावातल्या दोन बायका बसलेल्या आणि हिरड्याच्या भावावर गप्पा रंगलेल्या.

खाण्याचं बरोबर न्यावं. या भागात हॉटेलं नाहीत. वेष्टनं परत आणायला एक रिकामी पिशवी ठेवा; आम्ही झाडीतली दुसऱ्यांचीही उचलली.

शुक्रवार : तुळजा लेणी

निघायच्या दिवशी सकाळी गावापासून जवळची, पण फारसं कुणी न फिरकणारी जागा ठेवली होती. शिवनेरीच्या पश्चिमेला पाडळीच्या बाजूला तुळजा लेणी. शेतांच्या बांधावरून थोडं चालायचं आणि थोडा चढ. इथलं चैत्यगृह गोल आहे. बारा साधे अष्टकोनी खांब, मध्ये स्तूप, वर घुमट. लांबट चैत्यगृहं आपण कार्ल्याला, भाज्याला पाहतो. असं वर्तुळाकार क्वचितच. आईनं स्तूपाला एक फेरी घातली, मावशीनं खांब मोजले. शेजारच्या एका खोलीत देवीची मूर्ती आहे, तिच्यावरून लेण्यांना नाव पडलं. आम्ही तिघीच होतो.

नारायणगावात मिसळ खाताना दोघी बहिणींनी पुढची बोलणी सुरू केली : दिवाळीनंतर हडसर. तिथे दोन वाटा आहेत. खुंटीची वाट कातळावरची, अवघड, ती सोडायची. दुसरी पायऱ्यांची, डोंगरातच कोरून काढलेल्या दरवाज्यांमधून जाते. चालक दादांचं म्हणणं, पायऱ्या उंच आहेत पण तोवर कोरड्या होतील. आईला दरवाज्यांपर्यंत न्यायचं आणि माथ्याचं तिथे पोचल्यावर तिनंच ठरवायचं, असं आमचं ठरलं.